‘चूक मरणाऱ्याचीच’ : रुळांवरील मृत्यूंविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पुणे-लोणावळा लोकलच्या प्रवाशांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा, की रूळ ओलांडणारा आणि दारात उभा राहणारा स्वतःच्या चुकीने मरतो, दंड वाढवला की हे प्रकार थांबतील आणि अशा मृताच्या कुटुंबाला एक रुपयाही भरपाई मिळत नाही. यातील एक गोष्ट मला मान्य आहे: पादचारी पूल असताना रूळ ओलांडू नयेत. बाकीचे विधान तपासून पाहिले पाहिजे.

दापोडी, कासारवाडीसारख्या स्थानकांवर लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता वेगाने जातात. ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर अंतर कापते, म्हणजे दोन मार्ग ओलांडायला लागणाऱ्या सात-आठ सेकंदांत ती 200 मीटर जवळ येते. आणि मोठी वस्तू समोरून येताना आपल्या डोळ्यांना ती असते त्यापेक्षा संथ भासते. हा दृष्टिभ्रम आहे, त्याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. म्हणूनच 2010 च्या सुमारास मुंबईत वडाळ्याजवळ रुळांखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवण्याचा प्रयोग झाला, ज्यामुळे गाडी किती वेगाने ते पट्टे गिळत येत आहे हे पाहणाऱ्याला कळावे.

दारातल्या प्रवाशांचेही तसेच आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतील प्रवासी खाली पडले आणि काहींचा मृत्यू झाला. गर्दीच्या वेळी आत पाऊल ठेवायला जागा नसते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच दिवशी साध्या लोकलनाही स्वयंचलित दरवाजे बसवण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. दोष केवळ प्रवाशांचा असता, तर डब्याची रचना बदलण्याचे कारणच उरले नसते.

दंडाची तरतूद तर 1989 च्या रेल्वे कायद्यातच आहे: कलम 147 नुसार अनधिकृतपणे रुळांवर शिरल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड. ती असतानाही रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या डॉ. अनिल काकोडकर समितीने 2012 मध्ये देशभरात रुळांवर वर्षाला सुमारे 15,000 मृत्यू होत असल्याचे नोंदवले आणि त्याला संहार म्हटले. उपाय म्हणून सलग कुंपण, योग्य जागी पूल आणि जिना न चढू शकणाऱ्यांसाठी उतार किंवा सरकता जिना हवा. पूल फलाटाच्या एका टोकाला आणि वस्ती दुसऱ्या टोकाला असेल, तर कुंपणातले भगदाड कितीही वेळा बुजवले तरी पुन्हा पडते.

सर्वांत घातक भाग भरपाईचा आहे, कारण तो वाचून कुटुंबे हक्क सोडून देतात. बेकायदा रूळ ओलांडणाऱ्याला सहसा भरपाई मिळत नाही, हे खरे. परंतु तिकीटधारक प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला, तर त्याच रेल्वे कायद्याचे कलम 124-अ लागू होते आणि त्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, नशा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य असे मोजकेच अपवाद आहेत. मृत्यूसाठीची रक्कम 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख रुपये आहे. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती घेऊन कुटुंबाने रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. त्याची मुदत घटनेपासून 1 वर्ष आहे.