‘यांची मंडळं आधी बंद करा’

२०२५च्या सप्टेंबरात आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं फोटो टाकला. कुठल्याशा सोसायटीच्या जिन्याखाली ओणमची फुलांची रांगोळी, भोवती सोनेरी काठाच्या पांढऱ्या साड्यांतल्या बायका. खाली वाक्य : "इथे राहायचं तर इथलं व्हा. यांची मंडळं आधी बंद करा." त्यावर बारा अंगठे.

५ सप्टेंबरला तिरुओणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस होता, ६ तारखेला अनंत चतुर्दशी. दोनच दिवस आधी मी आमच्या मंडळाच्या गणपतीचे फोटो टाकले होते : पार्क डिस्ट्रिक्टच्या हॉलबाहेर ढोल-ताशा, लेझीम, नऊवारीतल्या पोरी. त्यावर याच मित्रानं लिहिलं होतं, "शाब्बास! तिकडेही झेंडा फडकत ठेवा."

मी शिकागोच्या उपनगरात चोवीस वर्षं राहतोय. मग मी इथला कधी व्हायचं, आणि आमचं मंडळ कधी बंद करायचं?

गैरसमज नको. पहिलीपासून हिंदी लादायला माझा विरोधच होता. २९ जून २०२५ला सरकारनं दोन्ही जीआर मागे घेतले, तेव्हा मी मंडळात पेढे वाटले. मराठी शाळेत शिकलोय, आनंद होणारच. पण त्या लढाईतून शेजारच्या बाईच्या रांगोळीवर घसरायचं कारण काय? तिनं कुणाच्या मुलावर काय लादलं?

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते आमच्या भागातले एक सर. मल्याळी लोक त्यांना 'माश' म्हणतात, म्हणजे आपले मास्तर. वय चौऱ्याऐंशी, गाव कोट्टयमजवळ. इथल्या मल्याळी असोसिएशनचा पाया त्यांनी घातला.

सम्राट हैले सेलासीच्या काळात इथिओपियात शाळा निघत होत्या आणि शिकवायला भारतातून माणसं जात होती, त्यात केरळची खूप. सर १९६७मध्ये गणित शिकवायला गेले. त्याआधी व्हिसाची वाट बघत काही महिने मुंबईत, माटुंग्याला गाववाल्याच्या खोलीत सहाजण दाटीवाटीनं राहत होते. त्यांना मराठीतले दोनच शब्द येतात : "पुढे चला." बसच्या कंडक्टरकडून शिकलेले. १९७४मध्ये इथिओपियात राज्यक्रांती झाली, सम्राट गेला, सर नायजेरियाला गेले. तिथून १९७९मध्ये शिकागोला. बायको नर्स, ती आधी आली होती. केरळच्या कित्येक घरांत अमेरिकेची वाट अशी बायकांनीच पाडली. सरांची पदवी आणि बारा वर्षांचा अनुभव इथे कुणी धरला नाही. दोन वर्षं नर्सिंग होममध्ये रात्रपाळी केली, दिवसा कॉलेजची क्रेडिट्स घेतली, मग कुठे हायस्कूलचा वर्ग मिळाला. पुढे निवृत्तीपर्यंत तेच.

असोसिएशन निघाली ती सणासाठी नव्हे. ऐन जानेवारीत एक मल्याळी कामगार गेला. एकटाच राहत होता. मृतदेह गावी कसा पाठवायचा, पैसे कुणी घालायचे, कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि नावं शोधायला लागले. थॉमस, जॉर्ज, जेकब सोडून दिले, कारण त्या नावाचे गोरेच जास्त. कुरियन, चेरियन, वर्गीस, नायर, मेनन यांच्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि रात्रपाळीला जाण्याआधी रोज दहा फोन. ती डिरेक्टरी त्यांनी जपून ठेवली आहे, मी हातात घेऊन पाहिली आहे. पानांचे कोपरे पिवळे पडलेत, खुणा मात्र स्पष्ट दिसतात. चौथ्या दिवशी चर्चच्या तळघरात चाळीस माणसं जमली.

आमच्या मंडळातले जुने लोकही हेच सांगतात, ते 'कर'वाली आडनावं शोधायचे. शिकागोत महाराष्ट्र मंडळ १९६९चं, उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१मध्ये शिकागोतच स्थापन झालं. हे सगळं आपण अभिमानानं सांगतो. मग डोंबिवलीतल्या नायरांनी तेच केलं तर ती फितुरी?

आणि भाषेचंच म्हणायचं, तर केरळकडून शिकण्यासारखं आहे. शाळांत मल्याळम सक्तीचा कायदा त्यांनी २०१७मध्ये केला, आपण मराठीचा २०२०मध्ये. परराज्यांत आणि परदेशांत वाढणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या सरकारनं २००९मध्येच मल्याळम मिशन काढलं. पहिल्या पायरीचं नाव 'कणिक्कोन्ना', म्हणजे आपला बहावा. शेवटची 'नीलकुरिंजी', बारा वर्षांनी फुलणारी. सरांची नात इथे जन्मली, आणि आजोबांना मल्याळम लिपीत चिठ्ठी लिहिते. माझी मुलगी आठ वर्षं रविवारच्या मराठी शाळेत गेली. मला मेसेज करते तो रोमन अक्षरांत. हे ग्रुपवर मी कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी सरांनी आम्हाला ओणमला बोलावलं. शाळेच्या जिममध्ये केळीच्या पानांची पंगत, शेवटी पायसम. महाबली वर्षातून एकदा आपली प्रजा बघायला येतो, ही गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली. मी उठून म्हणालो, हा तर आमचा बळी, पाडव्याला आमच्या आया ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. सरांनी माझ्याकडून ती ओळ मुलांना तीनदा म्हणायला लावली, 'ळ' नीट यायला हवा म्हणून. त्या मुलांना 'ळ' आमच्या मुलांपेक्षा चांगला आला, त्यांच्या भाषेच्या नावातच तो आहे.

'इथे आम्हाला मंडळ बंद करा म्हणणारं कुणी नाही,' असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं. २२ फेब्रुवारी २०१७ला कॅन्ससच्या ओलेथा गावात 'माझ्या देशातून निघा' असं ओरडत एकानं श्रीनिवास कुचिभोटला या तेलुगू इंजिनिअरला गोळ्या घालून मारलं. त्या आठवड्यात बायको मला दुकानात मराठी बोलू देईना. तेव्हा पहिला फोन सरांचा आला. तेलुगू, मल्याळी, मराठी सगळ्यांनी मिळून व्हिलेज हॉलमध्ये बसू, म्हणाले, आणि बसलोही.

त्या रात्री त्यांना घरी सोडताना मी गाडीत एक गोष्ट सांगितली. आमच्या वर्गात एक मल्याळी मुलगा होता, आई नर्स. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्या मागे 'यंडुगुंडू' ओरडत फिरायचो. मीही, आणि मोठ्यानं. सातवीनंतर तो दिसला नाही. सर थोडा वेळ बाहेरचा बर्फ बघत राहिले. मग वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

मला आठवेना.

सप्टेंबरातल्या त्या वादात मी शेवटी तेच ग्रुपवर विचारलं. त्या मुलाचं नाव कुणाला आठवतंय का? पाच मिनिटांत उत्तर आलं, मंडळं बंद करा म्हणणाऱ्याचंच. पूर्ण नाव, पुढच्या दोन आद्याक्षरांसकट. खाली त्यानं लिहिलं होतं, "तुझ्याच बाकावर बसायचा. गणिताची वही तू त्याचीच उतरवायचास."