स्लॅशर लावल्यावर मिनी ट्रॅक्टर दमतो तेव्हा पंपाचा स्क्रू का फिरवू नये

पावसाळा सरला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात काजूच्या बागांतलं गवत कापायचं काम निघतं. कंबरेएवढं गवत तसंच राहिलं तर पुढे बी वेचता येत नाही, आणि वाळल्यावर वणव्याची धास्ती असते ती वेगळीच. पूर्वी हे कोयत्यानं व्हायचं. आता बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि मागे स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार, दिसतो. याच दिवसांत गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आणि तो वाचून लोक पाना घेऊन इंजिनाजवळ बसताहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: कापताना ट्रॅक्टर दमत असेल पण उभ्यानं रेस बरोबर घेत असेल, तर डिझेल लाईन चांगली आहे आणि पंप कमजोर झालाय. पंपाचं सील तोडून स्क्रू (इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरवणारा) अर्धा फेरा आत घ्या. काळा धूर आला की समजा ताकद आली. एअर फिल्टरच्या बाऊलमधलं तेल काढून टाका, इंजिनाला मोकळी हवा मिळेल. टाकीत लिटरभर पेट्रोल किंवा रॉकेल घाला. तरीही गरम होत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान ठरलेल्या मापावर ठेवणारा पाण्याचा वॉल्व्ह) काढून फेका.

यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माझे थोरले चुलते, आप्पा, यांनीही मला हेच ऐकवलं होतं. "उभ्यानं कसा रेस घेतोय बघ की. डिझेल येत नसतं तर घेतला असता काय?" ऐकायला पटतं. पण डिझेल इंजिन उभ्याउभ्या चालताना तासाला लिटरभरही पीत नाही. तेच चोवीस एचपीचं इंजिन स्लॅशर लावून दाट गवतात घातलं की तासाला चार-पाच लिटर मागतं. निम्मा बुजलेला फिल्टर लिटरभर डिझेल आरामात सोडतो, पाच लिटर सोडत नाही. म्हणून उभ्यानं रेस घेणं हा डिझेल लाईनचा पुरावाच होत नाही. लाईनची परीक्षा लोडवरच होते.

आप्पांचा ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटं छान कापायचा, मग हळूहळू बसत जायचा. दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा पहिल्यासारखा. मी म्हटलं, "आप्पा, स्क्रूला हात लावू नका, आधी धूर बघूया." पण मेसेज त्यांच्या हातात आधीच पडला होता. सील तुटलं, स्क्रू फिरला. मग काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे. सुरुवातीची पंधरा मिनिटं वीटभट्टीसारखा काळा धूर आला, त्यानंतर धूर एकदम विरळ झाला आणि ट्रॅक्टर पहिल्यासारखाच बसला. ताकद जाते त्याच क्षणी धूर नाहीसा होतो, याचा अर्थ इंजिनाला डिझेलच पोहोचत नाही. मागून येतच नसेल तर पंपाचा स्क्रू कितीही आत घ्या, पंप देणार कुठून?

टाकीपासून फिल्टरकडे जाणारी नळी सोडून खाली बाटली धरली. धार आधी बोटाएवढी, मग करंगळीएवढी, मग थेंब. टाकी रिकामी केल्यावर तळाशी डिझेलच्या कॅनच्या बुचातला प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सापडला. डिझेल वाहायला लागलं की तो ओढला जाऊन टाकीच्या तळाशी नळी लागते त्या तोंडावर बसायचा, इंजिन बंद केलं की सुटून बाजूला व्हायचा. बंद ठेवल्यावर "बरा" होणारा ट्रॅक्टर बहुतेक वेळा असंच काही सांगत असतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी अगदी हेच होतं, कारण डिझेल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. दमला की झाकण अर्धं सैल करून पाहा. "फुस्" आवाज येऊन इंजिन सावरलं तर दोष सापडला. आमच्याकडे पावसाळाभर डिझेल कॅनमध्ये साठवतात, त्यामुळे डिझेल फिल्टरच्या बाऊलमध्ये पाणी दिसणं नवं नाही. तेही काढून, लाईनमध्ये अडकलेली हवा (एअर) काढून मगच पुढचा विचार करावा.

आता काळा धूर. हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे, म्हणून इथे थोडा हिशेब देतो. एक लिटर डिझेल पुरतं जळायला सुमारे १२ किलो हवा लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठेक टक्के विरळ. म्हणजे एका लिटरला जवळपास ११ हजार लिटर हवा, आणि ही अगदी कमीत कमी. काळा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची काजळी. तुम्ही पैसे देऊन घेतलेलं डिझेल सायलेन्सरमधून बाहेर पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी डिझेल आधीच जास्त आहे आणि हवा कमी. त्यात स्क्रू फिरवून आणखी डिझेल घालणं म्हणजे चुलीत धूर झाला म्हणून आणखी ओली लाकडं सारणं. वर पिस्टनचा माथा, वॉल्व्ह आणि सायलेन्सर तापतात, आणि उरलेलं डिझेल बोअरमधून (पिस्टन फिरतो त्या सिलिंडरमधून) खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं ते वेगळं.

कापताना काळा धूर येऊन रेस पडत असेल तर आधी दोन बाजू तपासायच्या: हवा कमी येतेय का, की लोड जास्त होतोय.

हवेची बाजू म्हणजे एअर फिल्टर. मेसेजवाला म्हणतो तेल काढून टाका. माझी हात जोडून विनंती आहे, हे करू नका. बाऊलमधलं तेल धूळ पकडण्यासाठीच असतं. आपल्या शेतातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते पिस्टन रिंगपेक्षा कठीण. तेलाशिवाय काही दिवस चालवलेलं इंजिन बोअर-पिस्टन मागतं, आणि तेव्हा गेलेली ताकद कुठल्याच स्क्रूनं परत येत नाही. उलट गवताच्या हंगामात बाऊल रोज उघडून पाहावा, गाळ बसला की तेल बदलावं, आणि खुणेपर्यंतच भरावं. खुणेच्या वर भरलं तर हवा अडते आणि तेल इंजिनात ओढलं जाऊ शकतं. वरच्या टोपीच्या जाळीवर गवताचं कुसळ चिकटून बसतं, ते तर हातानंच निघतं. सायलेन्सरही बघा, पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या नळकांड्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते.

लोडची बाजू जास्त वेळा दोषी असते असं माझं मत आहे, आणि तिकडे कोणी बघत नाही. पाती बोथट झाली की गवत कापलं जात नाही, झोडपलं जातं. शाफ्टला सुतळी, वेली, जुनी तार गुंडाळलेली असते. गिअरबॉक्सचं बेअरिंग धरलेलं असतं. इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून, स्लॅशर लाकडी ठोकळ्यांवर टेकवून पाती हातानं फिरवून पाहा. अडखळत असतील तर इंजिनाला दोष देऊ नका. स्लॅशरच्या रुंदीला फुटामागे साधारण पाच एचपी पीटीओला (मागचं अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या शाफ्टला) लागतात, आणि पीटीओला इंजिनाच्या ८०-८५ टक्केच ताकद पोहोचते. चोवीस एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे पीटीओला वीसच्या आसपास. चार फुटी स्लॅशर त्याची हद्द झाली. पाच फुटी लावून दाट गवतात वरच्या गिअरमध्ये गेलात तर तो दमणारच.

डिझेल वाचवायला रेस कमी ठेवणारेही आहेत. मीटरवर ५४० पीटीओची (पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांची) खूण असते, इंजिन तिथेच ठेवायचं आणि वेग गिअरनं कमी करायचा. हँड थ्रॉटलचा, म्हणजे हातानं रेस ठेवायचा, लिव्हर ढिला असेल तर खड्ड्याखड्ड्याला आपोआप मागे सरकतो, आणि मालकाला वाटतं इंजिन बसतंय. पाच मिनिटांचं काम, एक नट आवळायचा. आणि कान द्या: रेस न पडता फक्त पाती मंदावत असतील तर तो इंजिनाचा प्रश्नच नाही, क्लच घसरतोय.

पेट्रोल आणि रॉकेल. पंप डिझेल मापानं देतो, आणि पेट्रोलच्या एका लिटरमध्ये डिझेलपेक्षा साधारण दहा टक्के ऊर्जा कमी असते. रॉकेलमध्येही थोडी कमीच. म्हणजे ताकद वाढायच्या ऐवजी घटणार. पंप आणि डिझेल फवारणारं नोजल यांना वंगण डिझेलचंच असतं, तेही जाणार. आणि वाळक्या गवतात, तापलेल्या इंजिनाशेजारी, टाकीत पेट्रोलची वाफ धरून फिरायचं हे माझ्या घरातल्या कोणालाही मी करू देणार नाही.

थर्मोस्टॅट काढल्यानं इंजिन कायम थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, बोअर झिजतो. कापताना गरम होण्याचं कारण बहुतेक वेळा समोरच असतं: रेडिएटरच्या जाळीवर बसलेला गवताचा थर. इंजिन गार झाल्यावर पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं हवा मारा. बाहेरून आत मारली तर भुसा फटींत आणखी घट्ट बसतो. फॅन बेल्ट दाबून पाहा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

पंप कधीच बिघडत नाही असं मी म्हणत नाही. फिल्टर नवे, एअर काढलेली, हवा मोकळी, स्लॅशर हलका फिरतोय, तरीही इंजिन लोड घेत नाही, एखादा सिलिंडर ठोके चुकवतोय किंवा सकाळी पांढरा धूर सोडत उशिरा उठतोय, तर नोजल, वॉल्व्हचं अंतर, कॉम्प्रेशन आणि पंप यांची पाळी येते. तिथेही स्क्रू शेतात फिरवायचा नसतो. पंप टेस्ट बेंचवर चढतो, प्रत्येक लाईनला ठरलेल्या रेसवर किती डिझेल येतं ते मोजलं जातं, आणि मग सील लागतं. आप्पांना शेवटी पंप उतरवून बेळगावला न्यावा लागला, तो फक्त स्वतः फिरवलेला स्क्रू मूळ मापावर आणण्यासाठी. पंपात दुसरा दोष निघाला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर मेस्त्रीला "पंप बघा" एवढंच सांगू नका. किती मिनिटांनी दमतो, तेव्हा धूर कुठल्या रंगाचा असतो, थांबवल्यावर सावरतो का, आणि स्लॅशर काढून त्याच चढावर त्याच गिअरमध्ये ओढतो का, हे चार प्रश्न घरूनच तपासून जा, आणि पंप उतरवायच्या आधी त्याला ते सांगा.