कुस्तीचे मैदान कसे टिपावे

जत्रेच्या मैदानात जाऊन कुस्त्यांचे चित्रण करू इच्छिणाऱ्या हौशी रसिकांना कोणीतरी नीट मार्गदर्शन करण्याची गरज फार दिवसांपासून होती. परवा आमच्या गावच्या मैदानात एक नंबरची, म्हणजे सर्वांत मानाची, कुस्ती लागताच माझ्या पुढ्यात उभ्या ठाकलेल्या गृहस्थांनी ती गरज निकडीची केली. तेव्हा त्यांच्या पाठीकडे पाहत आत्मसात केलेली ही विद्या आपल्या सेवेशी सादर करतो.

सर्वप्रथम, बसू नये. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान असे बांधून घेतले, की कोठेही बसलेल्या माणसाला मधल्या आखाड्यातली कुस्ती दिसावी. १९१२ मध्ये ते मैदान खुले झाले. महाराजांनी हा सारा खटाटोप बसणाऱ्यांसाठी केला होता आणि आपण तर उभे राहणाऱ्यांपैकी आहोत. आपण उठलो की मागचा उठतो, त्याच्या मागचा उठतो, आणि तरुणपणी स्वतः लंगोट लावलेला एखादा म्हातारा शेवटच्या ओळीत हलगीच्या ठेक्यावरून कुस्तीचा अंदाज घेत बसतो.

मोबाइल दोन्ही हातांनी, आडवा आणि डोक्याच्या बराच वर धरावा.

फ्लॅश अवश्य लावावा. त्याचा उजेड आखाड्यापर्यंत पोहोचत नाही हे खरे, पण पुढच्या माणसाच्या फेट्यापर्यंत तो नक्की पोहोचतो आणि फेटा फार सुरेख येतो. झूमही शेवटपर्यंत ताणावा, म्हणजे पैलवान कोणता आणि पंच कोणता हा प्रश्नच उरत नाही.

संधी मिळताच थेट आखाड्यात उतरावे, आणि तेही चपलांसकट. ती माती चाळून, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते आणि पैलवान ती कपाळाला लावल्याशिवाय कुस्ती धरत नाही, या जुन्या समजुतींकडे लक्ष देऊ नये. निवेदक ध्वनिक्षेपकावरून घसा कोरडा करून ‘कडेला व्हा’ म्हणत असतो, ते दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून असते. निकाली कुस्तीत गुण नसतात, पाठ टेकली की खेळ संपला. त्यामुळे कितीही वेळ चाललेली झटापट ढाकेसारख्या एखाद्या डावावर डोळ्याचे पाते लवायच्या आत मिटते, आणि नेमक्या त्याच वेळी हजारो माणसांना ढाकेऐवजी आपली जीन्स पाहायला मिळते. जोड लोळत कडेला आली तरी आपण मागे सरायचे नाही. मग पैलवान आपल्या पायांवर आदळतात, पंच कुस्ती थांबवून दोघांना मध्ये नेतो आणि पुन्हा लावतो. ज्या पोराने घाम गाळून पट काढला होता, ज्याच्या खुराकासाठी बापाने म्हैस विकली असेल, त्याची हातात आलेली पकड त्या थांबण्यात जाते ती जातेच! ती परत कोण देणार? तुमचा मोबाइल?

असो. जिंकलेल्याला धाप टाकू देऊ नये, लगेच सेल्फी घ्यावा. हरलेल्याचा चेहरा जवळून टिपावा. त्याला जास्त लाइक मिळतात.

परवाची एक नंबरची कुस्ती संपली तेव्हा माझ्या पुढच्या गृहस्थांनी हात खाली केले, मागे वळून पाहिले आणि अत्यंत निरागसपणे मला विचारले, “कोण पडलं हो?”

अहो, तुम्ही काय करायला आला होतात? फोटो काढायला कोणाचीच ना नाही. चांगला फोटो हवा असेल तर दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या चालू असतात तेव्हा या. ऊन असते, गर्दी नसते आणि त्या पोरांनाही कोणी टिपलेले हवे असते. यात्रा समितीला विचारून कडेची जागा घ्या, गुडघे टेकून बसा, सलामी टिपा, आणि मानाची कुस्ती लागली की ते यंत्र खिशात घाला आणि डोळ्यांनी बघा. आणि एखाद्या पोराचा खांदा निखळून तो मातीत कळवळत पडला, तर त्याच्याभोवती मोबाइलचे कडे करू नका. लाज वाटू द्या थोडी. त्याला उचलून बाहेर न्यायला वाट लागते, तेवढी तरी सोडा.