पिंकर्टनचा शेवट गोड झाला असं कृपा करून म्हणू नका

वीझर या अमेरिकन रॉक बँडचं नाव काढलं की आपल्याकडे ज्याला थोडंफार माहितीये तो लगेच ब्लू अल्बमवर येतो, १९९४ चा, निळ्या बॅकग्राउंडवर चौघं उभे आहेत तो. भारीच आहे, वादच नाही. त्यातल्या 'बडी हॉली' गाण्याचा व्हिडिओ तर विंडोज ९५ च्या सीडीतच यायचा, त्यामुळे रॉकशी ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांनीपण तो पाहिलेला. पण मला बोलायचंय त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर, पिंकर्टनवर, सप्टेंबर १९९६ चा. कारण परवा एका ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की आधी आपटला, नंतर क्लासिक ठरला, चला शेवट गोड झाला. नाही झाला भो! हे मला मनापासून सांगायचंय म्हणून एवढं टाइप करतोय.

आधी तो अल्बम कुठून आला ते बघा. रिव्हर्स क्वोमो, गाणारा आणि लिहिणारा, पहिला अल्बम तुफान चाललेला असताना हार्वर्डला शिकायला निघून गेला. एक पाय जन्मापासून आखूड, तो लांब करायचं ऑपरेशन झालेलं, पायाला लोखंडी सांगाडा, हातात काठी, आणि आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही. त्या एकटेपणात त्याने जे लिहिलं ते कोणी डायरीतपण लिहिणार नाही. नाव घेतलं पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेरातल्या अमेरिकन नेव्ही ऑफिसरचं, जो जपानी मुलीशी लग्न करतो आणि तिला टाकून जातो. म्हणजे स्वतःला त्याने हिरोच्या नाही, त्या नालायक माणसाच्या जागी उभं केलं. पहिल्या अल्बमला रिक ओकासेकसारखा प्रोड्युसर होता, यावेळी बँडने सगळं स्वतःच केलं आणि मुद्दाम खरखरीत ठेवलं. गिटार फाटल्यासारखी वाजते, ड्रम अंगावर येतात, आवाज कुठेकुठे घसरतो आणि तो तसाच राहू दिलाय.

'अक्रॉस द सी' ऐका. जपानमधल्या एका फॅन मुलीचं पत्र आलंय आणि हा पार खचलेला माणूस त्या पत्राला धरून बसलाय, ती शाळेत कोणते कपडे घालते, तिची खोली कशी असेल, पाकिटाचा वासपण घेतो. अंगावर काटा येतो आणि अवघडल्यासारखंपण होतं. जपानी मुलींबद्दलचं त्याचं ते वेड आज ऐकताना खटकतं, खटकायलाच पाहिजे, आणि जे त्यावर टीका करतात त्यांचं मला पटतं. पण त्याने ते झाकलं नाही, स्वतःचीच वाईट बाजू उजेडात आणून ठेवली. शेवटचं 'बटरफ्लाय' तर नुसतं अकूस्टिक गिटारवर, बरणीत फुलपाखरू पकडतो, सकाळी बघतो तर ते मेलेलं, आणि मग माफी मागत राहतो. एवढ्या सगळ्या गोंगाटानंतर ते येतं तेव्हा मी दरवेळी गाडी बाजूला लावतो, जळगाव-भुसावळ हायवे असला तरी.

आणि लोकांनी काय केलं? बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, १९ वर आला आणि घसरला. रोलिंग स्टोनच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बममध्ये तिसरा नंबर दिला. तिसरा! त्याच मासिकाने २००४ मध्ये पाच स्टार दिले, कितीतरी इमो बँड, म्हणजे मनातलं उघडंवाघडं मांडणारे रॉक बँड, त्याच्यावरच वाढले, २०१६ ला प्लॅटिनमपण (अमेरिकेत दहा लाखांचा खप) झाला. हे सगळे दाखले लोक देतात. पण मधल्या काळात त्या माणसाचं काय झालं ते कोणी बोलत नाही. त्याने घराच्या भिंती काळ्या रंगवल्या आणि बाहेर पडणं टाकलं. बँड जवळजवळ संपल्यात जमा. २००१ ला ग्रीन अल्बम आला तेव्हा रिक ओकासेक परत, गाणी छोटी, गोड, घट्ट बांधलेली, आणि त्यात तो स्वतः कुठेच नाही. 'आयलंड इन द सन' मलापण आवडतं, पण ते कोणीही लिहू शकलं असतं. त्याच वर्षी तो स्वतः पिंकर्टनला शिव्या घालत होता, लाज वाटते म्हणत होता. वाचकांचा निकाल चुकला हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं, पण जो माणूस तसं लिहायचा तो काही परत आला नाही.

हे आपल्याकडे डोळ्यासमोर बघतोय म्हणून जास्त लागतं. अमळनेरकडचा माझा एक मित्र अहिराणीत लिहितो. त्याने बापाच्या कर्जावर, वाया गेलेल्या कपाशीवर एक गाणं केलं होतं, नुसती ढोलकी आणि त्याचा आवाज. हिवाळ्यात बामणोदला मळ्यात भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, तेव्हा त्याने ते मोबाईलवरून स्पीकरला लावलं, आणि दोन मिनिटात कोणीतरी ओरडलं, "काय रडकं लावलं भो, डीजे लाव!" युट्यूबच्या कॉमेंटपण त्याच लाइनीवर. आता तो हळदीची गाणी करतो, चांगली चालतात, मला त्याचा आनंदच आहे, घर चालतं त्याचं. पण ते गाणं त्याने काढून टाकलं आणि तसं दुसरं केलं नाही.

बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ ला आलं. जात्यावर बसून त्या ओव्या जोडत होत्या तेव्हा नंबर द्यायला कोणी समोर नव्हतं. मला कधीकधी वाटतं की असतं तर आपल्याला ती भाषा अशी मिळाली नसती, त्यांनीपण कोणाला तरी आवडेल असं काहीतरी केलं असतं.

असो. ज्यांनी पिंकर्टन ऐकलाच नाही त्यांनी दहाही गाणी लागोपाठ ऐका, शफल बंद करून, जेमतेम ३५ मिनिटं लागतात. आवडला नाही तर तसं सांगा, मी वाद घालायला आहेच इथे. फक्त पहिल्या गाण्यातल्या त्या किंचाळणाऱ्या सिंथेसायझरला घाबरून बंद करू नका, आणि 'एल स्कॉर्चो' मोठ्या आवाजात लावा.