आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ताजा रुबेला? तसं नाही

गरोदर बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणजे संसर्ग आत्ताचाच. आयजीजीचा आकडा मोठा असेल तर खात्रीच. आयजीएम निगेटिव्ह असेल तर निश्चिंत राहा.’ रुबेला म्हणजे जर्मन गोवर; गरोदरपणात झाला तर बाळात व्यंग येऊ शकतं. आयजीएम आणि आयजीजी या संसर्गाविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडी: पहिली लवकर येते, दुसरी मागाहून येऊन टिकून राहते. मेसेजमधली तिन्ही विधानं चूक आहेत, आणि पहिल्यापायी हवंसं वाटणारं मूल नको म्हणायची वेळ येते.

आधी तेच घेते. रुबेलात आयजीएम तयार होतं, पण चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रुबेलाच झाला असं नाही. पार्व्होव्हायरस बी १९ किंवा एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरही (काहींच्या रक्तात असणारी, शरीराच्याच आयजीजीला चिकटणारी अँटिबॉडी) फसवतो. साध्या एलायझात (अँटिबॉडी शोधायची लॅबमधली चाचणी) प्लेटच्या खळग्यात रुबेलाचे प्रतिजन (विषाणूचे अंश) चिकटवलेले असतात. त्यांना जुनं आयजीजी धरून बसतं, त्याच्यावर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, जो बहुधा स्वतःच आयजीएम असतो. मग चाचणी त्यालाच रुबेलाचं आयजीएम समजते, रंग उमटतो आणि रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’. कॅप्चर एलायझात आधी आयजीएम पकडून मग रुबेलाचा प्रतिजन घालतात. तिथे हा घोळ कमी होतो, संपत नाही. शिवाय लस घेतल्यावर किंवा आजार होऊन गेल्यावर काहींच्या रक्तात आयजीएम कित्येक महिने राहतं. पुरळ नाही, रुग्णाशी संपर्क नाही, आणि नुसत्या टॉर्च पॅनेलमध्ये (गर्भाला धोकादायक संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी) ते सापडलं, तर आधी शंका घ्यायची ती रिपोर्टवर.

अशा वेळी आयजीजी ॲव्हिडिटी, म्हणजे आयजीजीची प्रतिजनावरची पकड किती घट्ट ते पाहणारी चाचणी, करून घ्यावी. खळग्यातून युरिया फिरवतात. नव्या अँटिबॉडींची पकड कच्ची असते, त्या सुटून जातात, मुरलेल्या टिकतात. संसर्गानंतर पहिले साधारण 3 महिने ॲव्हिडिटी कमी असते. त्यामुळे गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच ती जास्त आली, तर संसर्ग बहुधा गर्भधारणेच्या आधीचा. सगळ्यांत मोठा धोका पहिल्या 12 आठवड्यांतल्या संसर्गाचा असतो, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये.

आयजीजीच्या एकट्या आकड्यावरून संसर्ग कधीचा ते कळत नाही. 2 ते 3 आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी, एकाच किटवर तपासून ठळक वाढ दिसली तरच त्याला अर्थ.

आणि निगेटिव्ह? पुरळ उठल्याच्या दिवशी जवळपास निम्म्या रुग्णांत आयजीएम सापडतच नाही. 5 दिवसांनंतर पुन्हा रक्त द्यावं लागतं. पहिल्या नमुन्याचं उरलेलं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) जपून ठेवायला लॅबला त्याच दिवशी सांगा.