चार दिवस टिकणारे काय आहे?

आज सकाळी एका परिचिताने पाठवलेली चित्रफीत मी शेवटपर्यंत पाहिली आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. रंगीबेरंगी भाज्यांनी ओसंडणारी टोपली, तिच्याशेजारी कधी काही शिजले असेल असे वाटू नये इतका लखलखीत ओटा, आणि त्यामागे उभे राहून एक गृहस्थ अत्यंत शांतपणे सांगत होते की ताजे आणि सकस खाणे मुळीच महाग नसते, महाग असतात त्या आपल्या सबबी. खाली प्रशंसेचा पूर आला होता. प्रशंसा करणाऱ्यांमध्ये माझ्या ओळखीची, एरवी विचारी म्हणावीत अशी माणसे दिसली, म्हणून हे इतके लांबलचक लिहायला बसले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले, तेव्हा एका दवाखान्यातील आहारतज्ज्ञ बाईंनी तिच्या हातात एक छापील कागद ठेवला. कागदात चूक काहीच नव्हती. कोणत्या भाज्या, कोणती फळे, कोणत्या वेळी किती, सगळे व्यवस्थित मांडलेले होते. आईने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, "यातले चार दिवस टिकणारे काय आहे?" बाई हसल्या. आई पथ्य टाळायला बघते आहे, असे त्यांना वाटले असावे. "आजी, ताजेच खायचे असते," असे म्हणून त्यांनी पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले. आई काही बोलली नाही, कागदाची घडी करून तिने पिशवीत ठेवली. बाजारात जाणे हे त्या काळात तिच्या हातात नव्हते. कोणाला सवड होईल तेव्हा भाजी घरात येई, आणि पुढची फेरी कधी होईल हे कोणीच सांगू शकत नसे. तिने विचारलेला प्रश्न हा त्या संपूर्ण खोलीतला एकमेव व्यवहारी प्रश्न होता, आणि त्याला उत्तर म्हणून तिला एक सुविचार मिळाला.

भाजीची किंमत म्हणून आपण जी सांगतो ती वजनाची किंमत असते. प्रत्यक्षात आपण जे खातो त्याची किंमत त्यातून साल, देठ, पिवळी पडलेली पाने आणि तळाशी सडून गेलेला भाग वजा केल्यावर ठरते. तोडलेली भाजी मेलेली नसते, ती श्वसन करीत असते, स्वतःत साठलेली साखर आणि पाणी खर्च करीत असते, आणि भोवतालचे तापमान दहा अंशांनी वाढले की तिची ही घाई साधारण दुप्पट ते तिप्पट होते. त्यामुळे ज्याच्याकडे शीतकपाट आहे, वीज जात नाही आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याला एकाच दराने घेतलेली तीच जुडी स्वस्त पडते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याला ती महाग पडते, कारण तो खाल्लेल्या भाजीबरोबर फेकलेल्या भाजीचेही पैसे देत असतो. हा फरक कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो, म्हणून तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याला सबब म्हणणे सोपे जाते.

आता त्या गृहस्थांच्या टोपलीचाही हिशेब करू. दररोज माणशी किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद धरलेले नाहीत. चार माणसांच्या घरासाठी हे दिवसाला १,६०० ग्रॅम झाले, म्हणजे आठवड्याला अकरा किलोंहून अधिक, आणि तेही साली-देठांचे वजन न धरता. हे ओझे कोणीतरी निवडायचे, उचलून आणायचे, जिने चढवायचे, धुवायचे, चिरायचे, शिजवायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच करायचे. हा "कोणीतरी" बहुतेक घरांत कोण असतो हे माझ्या मित्रमैत्रिणींना सांगण्याची गरज नाही. चित्रफितीतल्या टोपलीतली पाने मात्र कोणी न उचलता, न निवडताच तिथे येऊन बसल्यासारखी टवटवीत होती.

राहिला पोट भरण्याचा प्रश्न, आणि सबबींची भाषा करणारे लोक नेमके इथेच डोळे मिटतात. शंभर ग्रॅम पालेभाजीतून साधारण वीस ते तीस किलोकॅलरी ऊर्जा मिळते, शंभर ग्रॅम साखरेतून चारशेच्या आसपास, आणि तितक्याच तेलातून सुमारे नऊशे. पालेभाजी जीवनसत्त्वे, खनिजे आणि तंतू देते, हे निर्विवाद आहे. परंतु मोजक्या पैशांत संध्याकाळपर्यंत चार पोटे भरायची असतील तर हाताशी असलेले पैसे कुठे जातील, हे सांगायला पोषणशास्त्राची पदवी लागत नाही. त्यातून घरात लहान मूल असेल तर प्रकरण आणखी अवघड होते. नवी भाजी मुलाला आवडू लागेपर्यंत ती आठ ते पंधरा वेळा समोर ठेवावी लागू शकते, असा सल्ला सगळे देतात. तोवर नाकारलेल्या त्या ताटल्यांचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, हे सांगत कोणीच नाही. सुस्थितीतल्या घरात तो प्रयोग असतो. तंगीतल्या घरात त्या रात्री मूल उपाशी झोपते. म्हणून तिथली आई मूल हमखास खाईल तेच आणते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच आणले असते.

हो, खिशात पैसे आणि घरात भलेमोठे शीतकपाट असूनही पाकिटे फोडून जेवणारी माणसे असतात, आणि त्यांच्यापुरते ते गृहस्थ खरे बोलत आहेत. मग त्यांनी तसे नाव घेऊन सांगावे. कडधान्ये आणि डाळी स्वस्त, पौष्टिक आणि महिनोन्‌महिने टिकणाऱ्या असतात, हेही मान्य. परंतु त्यांना इंधन लागते, भिजवण्याची आठवण लागते, आणि कामावरून परत येऊन चुलीपाशी उभे राहण्याइतके त्राण लागते.

मला सर्वांत जास्त चीड येते ती "ताजे" या गोष्टीच्या पूजेची. गोठवलेल्या भाज्या बहुधा तोडणीनंतर थोड्याच वेळात गरम पाण्यातून काढून गोठवतात. त्या प्रक्रियेत काही क जीवनसत्त्व जाते, पण उरलेले बरेचसे टिकून राहते. उलट ताजी म्हणून आणलेली पालेभाजी प्रवासात, दुकानात आणि घरात मिळून आठवडा काढते, तोवर तिच्यातले क जीवनसत्त्व बरेच घटलेले असते. म्हणजे कित्येकदा गोठवलेली भाजी त्या शिळ्या झालेल्या ताज्या भाजीच्या तोडीस तोड ठरते. ही गोठवलेली भाजी ठेवायलाही शीतपेटी लागतेच, तेव्हा हा सर्वांसाठीचा तोडगा नव्हे. पण दवाखान्यातल्या त्या कागदावर ताज्याखेरीज कशालाच जागा नव्हती. गोठवलेले नाही, वाळवलेले नाही, डबाबंद तर नाहीच. आईच्या प्रश्नाला तिथल्या तिथे किमान तीन चांगली उत्तरे देता आली असती.

ती उत्तरे आहारतज्ज्ञांनी दिली नाहीत, परंतु पाकिटे बनवणाऱ्यांनी तिच्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच शोधून ठेवले आहे. टिकणारे, न सांडणारे, न शिजवता खाता येणारे आणि मूल नाकारणार नाही असे पदार्थ त्यांनी तयार केले, आणि गरजू माणसाचा प्रश्न ऐकून घेतल्याचे सगळे फळ त्यांच्या पदरात पडले. पुढे तेच पदार्थ आपल्याला जास्त खायलाही लावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न दिले होते. समोर ठेवलेल्या जेवणांतील साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ जुळवून घेतलेले होते, आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात त्याच माणसांनी दिवसाला सुमारे पाचशे किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. त्या दोन आठवड्यांपुरता त्यांचा निर्धार कुठे रजेवर गेला होता काय?

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ हे वर्ष फळे आणि भाज्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. भित्तिपत्रके सुंदर होती. त्याच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसह पाच संस्थांच्या अहवालानुसार २०२२ साली जगातील सुमारे २८० कोटी लोकांना, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला, सकस आहार परवडत नव्हता. हा हिशेब त्या त्या ठिकाणी मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त सकस पदार्थांच्या किमतीवरून केलेला असतो. शिजवण्याचे इंधन, वेळ आणि वाया गेलेली भाजी त्यात धरलेलीच नसते. २८० कोटी माणसांच्या सबबी! ओट्यामागून बोलताना हा आकडा तोंडात येणे कठीणच आहे.

इतके लिहून झाल्यावर राग थोडा निवळला आहे. ते गृहस्थ दुष्ट असतील असे मला वाटत नाही. त्या बाईही दुष्ट नव्हत्या. बाहेर रुग्णांची रांग होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येत होती. आईसारखा प्रश्न विचारण्याची वेळ या दोघांवर कधी आली नसावी, इतकेच. आम्ही घरी आल्यावर आईने तो कागद माझ्याकडून टिकाऊपणाच्या क्रमाने पुन्हा लिहून घेतला. पालेभाज्या सर्वांत वर, आणल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संपवायच्या. त्याखाली शेंगा. मग जाड सालीच्या फळभाज्या. कोबी, गाजर आणि कंद सर्वांत शेवटी, पुढची फेरी लांबली तर कामी यावेत म्हणून. पिकणारी फळे पालेभाजीपासून दूर ठेवायची हे तिला आधीपासूनच ठाऊक होते. फळांतून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात, हे कारण मी वाचून सांगितले तेव्हा तिने "असेल" एवढेच म्हटले आणि पुढची ओळ लिहायला लावली. त्या छापील कागदावरचा एकही पदार्थ तिने गाळला नाही. तिला पथ्य टाळायचे नव्हतेच.

माझ्या मित्रयादीत काही आहारतज्ज्ञ आणि काही डॉक्टर आहेत. हे वाचून तुम्ही रागावलात तरी हरकत नाही, परंतु तुमच्या छापील कागदावर आणखी तीन रकाने वाढवा: हे किती दिवस टिकते, शिजायला किती वेळ लागतो, आणि हे मिळाले नाही किंवा परवडले नाही तर याच्या जागी काय चालेल. जागा कमी पडत असेल तर वरचे टोपलीचे चित्र काढून टाका. मसुदा तपासून द्यायला आई तयार आहे. तिच्याकडे सूचना भरपूर आहेत आणि त्यातल्या काही तुम्हाला मुळीच आवडणार नाहीत.