यादीत नसलेले घर

गणपतीत आमच्या वाडीचे भजन घरोघर फिरते आणि कोणत्या रात्री कोणती घरे घ्यायची याची यादी गेली कित्येक वर्षे माझ्या हस्ताक्षरात असते, कारण मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझे अक्षर बुवांना चष्म्याशिवाय वाचता येते. आमच्या वाडीत २७ घरे आहेत. तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या यादीत २६ नावे होती. ते एक घर वगळा, असे मला कोणीही सांगितले नव्हते. बैठक झाली नव्हती, ठराव झाला नव्हता, कोणी डोळ्यांनी खूणही केली नव्हती. मी पेन हातात घेतले, वरच्या आळीपासून नावे लिहीत आलो, आणि त्या घरापाशी आल्यावर हात आपोआप पुढच्या घराकडे गेला. मालवण तालुक्यातल्या एका लहानशा गावात ‘नियम मोडणारा माणूस’ कसा तयार होतो, याविषयी मला जे म्हणायचे आहे, ते या आपोआप पुढे गेलेल्या हाताविषयी आहे.

त्या घरच्या माणसाने केले काय होते, तर देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब विचारला होता. घरटी वर्गणी ठरली होती, मुंबईच्या चाकरमान्यांनी वेगळे पैसे पाठवले होते, सभामंडपाला फरशी आणि देवळाला नवा कळस झाला होता. वार्षिक बैठकीत तो उठून उभा राहिला आणि जमाखर्च पावत्यांसह फळ्यावर लावावा, एवढेच म्हणाला. आवाजही चढवला नाही. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला विचारता येण्याजोगा तो प्रश्न होता, आणि खरे सांगायचे तर निम्म्या बैठकीच्या मनात तोच होता. एक ज्येष्ठ मानकरी मात्र म्हणाले, “देवाच्या कामात हिशेब इचारतत काय?” बैठक हसली. मीही हसलो. त्यानंतर पुढे जे जे झाले त्याची सुरुवात त्या हसण्यातच झाली, असे मला आता वाटते.

पुढे मोठे असे काही झालेच नाही. नांगरणीच्या आठवड्यात पॉवर टिलरवाल्याला नेमके दुसरीकडे काम निघाले. हिशेब विचारणाऱ्याच्या बायकोला हळदीकुंकवाचे बोलावणे यायचे ते ‘राहून गेले’. मुलगा संध्याकाळी क्रिकेटच्या मैदानावर उभा राही आणि दोन्ही संघ आधीच पुरे झालेले असत. यातली एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली, तर प्रत्येकीला सभ्य कारण आहे. सगळ्या एकत्र ठेवल्या की जे दिसते त्याला कोकणात फार जुना शब्द आहे : वाळीत टाकणे.

समाजशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विचलित वर्तन’ असे एक प्रकरण असते. ते वाचताना विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की समाजात काही विचलित माणसे असतात आणि उरलेले आपण सरळ असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हे चित्र उलटे केले. त्यांचे म्हणणे असे की विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसतो. समूह नियम करतो, तो काही माणसांना लावतो आणि त्यांच्यावर ‘बाहेरचा’ असा शिक्का मारतो, त्यातून विचलन निर्माण होते. म्हणजे हिशेब विचारणे ही कृती कितीही तपासली, तरी तिच्यात गुन्हा सापडणार नाही. तो शोधायचा तर हसणाऱ्या बैठकीत शोधावा लागेल.

त्याच गावात मोडले जाणारे इतर नियम पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. श्रावणात सोमवारी मासे खात नाहीत, हा आमच्याकडचा रिवाज. तरी एखाद्या सोमवारी कोणाच्या तरी मागीलदारी तव्यावर बांगडा पडतो आणि त्याचा वास चार परसांत फिरतो. दार ठोठावून जाब विचारायला कोणीही जात नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर किंवा दुकानात शेजारीण अगदी सहज विचारते, “काल पावणे इल्ले काय?” या एका प्रश्नात आरोप आहे, पुरावा आहे, शिक्षा आहे आणि सुटकेची वाटही आहे, कारण “होय, पावणे इल्ले” म्हटले की प्रकरण मिटते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम समनर यांनी १९०६ मध्ये साधे लोकाचार आणि ज्यांच्यावर समाजाचे हित अवलंबून आहे असे मानले जाते त्या लोकनीती, असा जो फरक केला, त्यात माशांचा सोमवार पहिल्या खणात पडतो. तो मोडला तर चिमटा बसतो, माणूस तुटत नाही.

लोकाचार किती बारीक असतात याचा अनुभव घ्यायचा असेल, तर ते न कळणारा माणूस गावात आणावा. माझा मुंबईचा पुतण्या एकदा स्टॅण्डकडे निघाला असता वाटेत एका आजोबांनी विचारले, “खंय चल्लंस?” पुतण्या शांतपणे म्हणाला, “तुम्हाला काय करायचंय?” त्याच्या दृष्टीने ते खासगी बाबीविषयीचे रास्त उत्तर होते. मात्र आमच्याकडे तो प्रश्न माहितीसाठी विचारलाच जात नाही. तो नमस्काराच्या जागी असतो, आणि “हयसरच”, म्हणजे इथेच, एवढे उत्तर त्याला पुरते. संध्याकाळपर्यंत ही बातमी तीन वाड्यांत पोचली होती. समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकल यांनी अमेरिकेत आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरी थोडा वेळ भाडेकरूसारखे अदबीने वागायला सांगितले होते आणि घरचे लोक गोंधळून, चिडून ‘तुला झालंय काय’ असे विचारू लागले होते. माझ्या पुतण्याने तो प्रयोग फुकटात केला.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी हंगामात रात्री आमच्या किनाऱ्यावर उभे राहिले, तर क्षितिजावर एखादे शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. प्रकाशाकडे मासळी ओढली जाते आणि लहान-मोठी सगळी जाळ्यात जाते, हे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. रिकामी रापण त्यांना ते दर पहाटे सांगते. ते शिव्या घालतात, तक्रारी करतात, मोर्चे काढतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये सांगितले होते की समाजाने मान्य केलेले उद्दिष्ट, म्हणजे इथे पैसा, अमान्य साधनांनी गाठणारा माणूस हा विचलनाचा एक नमुना असतो. पण ज्याच्या होडीवर असे दिवे आहेत, असे सारे गाव जाणते, त्याचे घर माझ्या यादीत पहिल्या रात्रीच्या पहिल्या पाचांत आहे, कारण तिथली उसळ चांगली असते आणि देवळाच्या कळसाला त्याने मोठी रक्कम दिली आहे. कायदा मोडणारा यादीत आहे आणि पावती मागणारा यादीबाहेर आहे. यादी माझी आहे, म्हणून हे मीच लिहिले पाहिजे.

कायदा आणि गाव यांच्यातली ही तफावत कोकणाला नवी नाही. विधवा पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे जन्मले १८५८ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर दोन वर्षांनी, आणि त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला तो १८९३ मध्ये. कायदा ३७ वर्षांचा झाला होता. तरीही मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्याची झळ त्यांच्या आईच्या घरालाही लागली. योगायोग असा की त्याच १८९३ साली फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम आपल्या प्रबंधात लिहीत होते की एखादे कृत्य गुन्हा आहे म्हणून समाज त्याचा धिक्कार करतो असे नव्हे. समाज धिक्कार करतो म्हणून ते गुन्हा ठरते. दुर्खाइमना मुरूड ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांच्या सिद्धान्ताला त्याहून चोख उदाहरण मिळाले नसते. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्वे यांना भारतरत्न मिळाले. विवाह तोच होता आणि माणूसही तोच होता.

महाडची गोष्ट याहून कठोर आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो मान्य केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर त्यांना मारहाण झाली आणि नंतर तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. कागदावर परवानगी असलेले पाणी पिणे हा अपराध ठरला. हिशेबाच्या प्रश्नाची त्या संगराशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण ठरावाच्या कागदापेक्षा गावाची सवय जड असते, हे कोकणाने वारंवार पाहिले आहे.

सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याचा इतिहासही वेडावाकडा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कृती प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. पुढे रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की हा विषय पुन्हा ऐरणीवर आला, विधिमंडळाने २०१६ मध्ये नवा कायदा संमत केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मी या कायद्याच्या पूर्णपणे बाजूचा आहे. पण तो फर्मान काढणाऱ्याला, बैठक घेणाऱ्याला, दंड मागणाऱ्याला पकडू शकतो. आमच्या वाडीत तसे कोणीच नव्हते. पोलीस आले असते तर त्यांनी कोणाला काय विचारले असते? टिलरवाल्याला खरोखरच दुसरीकडे काम होते. आणि मला विचारले असते, तर एक नाव लिहायचे राहिले, असे मी म्हणालो असतो. तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवलेला मी ते न अडखळता म्हणालो असतो.

‘गाव’ हा शब्द आपण फार सोयीने वापरतो. गावाने टाकले, गाव म्हणते, गावाला आवडले नाही. या वाक्यांत कर्ता असूनही नसतो. त्या पहिल्या वर्षी पाचव्या रात्री आम्ही १४ जण पेटी, पखवाज आणि टाळ घेऊन त्या घरावरून पुढे गेलो, तेव्हा ओटीवर दिवा होता. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वरच्या लाकडी चौकटीला, बांधलेली कवंडळे आणि सुपारीची शिपटी बाहेरून दिसत होती. सतरंजी अंथरलेली होती. कोणीतरी पावले उचलली, कोणीतरी मुद्दाम मोठ्याने विनोद सांगितला आणि आम्ही पुढच्या खळ्यात शिरलो. त्या १४ जणांपैकी एकालाही त्या माणसाचा राग नव्हता, हे मी प्रत्येकाला ओळखतो म्हणून सांगू शकतो. प्रत्येकाला उरलेल्या १३ जणांची भीती होती.

यंदा मी यादीत २७ नावे लिहिली. यात शौर्य काही नाही. मला तीन वर्षे लागली. बुवांनी यादी वाचली, त्या नावापाशी थांबले, चष्मा लावला, पुन्हा वाचले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्या रात्री आमच्यापैकी पाच जणांना अचानक कामे निघाली. उरलेले नऊ जण गेलो. पखवाजवाला न आल्याने ताल टाळांवरच सांभाळला, गजर नीट जमला नाही. मग वहिनींनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव आणले, आणि ताटल्या चौदा होत्या. उरलेल्या पाच त्यांनी न बोलता आत नेल्या. घरधनी आम्हाला पोचवायला खळ्यापर्यंत आला, बॅटरीचा उजेड पायरीवर धरला आणि मला म्हणाला, “गुरुजीनू, हिशोब लागलो काय फळ्यार?”

तो अजून लागलेला नाही.